हात धुऊन घेते मी

माहेर माहं झरी जामणीकडचं, जंगलातलं गाव. लग्न होऊन दारव्ह्याले आली तवापासून आठवडी बाजारात बसते, बांगड्या, टिकल्या, पिना, फण्या, कटलरीचं दुकान म्हणा ना. काय सांगू तुम्हाले, मले चूप बसणं माईतच नाही, आता बी तुमच्याशी बोलून राह्यली अन् हात पाहा कसे चालले, टिकल्यांची पाकिटंच लावून राह्यली.

थे कपाशीचे वाईट दिवस होते, कधी बोंडअळी खाये, कधी भाव नसे, बाया बांगड्या भराले येच ना. येत होत्या त्या तोंडाले लावाच्या ट्यूबसाठी. दिवसभर उन्हात कापूस येचू येचू गालावर वांग आलेले, काये काये डाग, बाईले आरशात पाहू वाटे ना. ट्यूब खरं म्हणजे गजकर्णाची, खोक्यावर तसं छापलंच होतं, मले मालूम होतं, पण लावली का चार दिवसात तोंड उजळे, मंग कोण वाचते. तांड्यावरच्या बाया नेत, आमच्या मोहल्ल्यातल्या नेत, अन् मी मोठ्या तोऱ्यात सांगो, रोज लाव, नागा करू नोको.

मंग माह्या घरातच आलं थे. कविता, माही लेक, बारावी झालती, तोंडावर मुरूम, अन् पुसदचे पाव्हणे पाह्याले येणार. म्या म्हटलं भेतं कायले, घरचंच दुकान हाये. रोज संध्याकायी तिले समोर बसवून मीच लावो, ह्या हातानं. थे म्हणे आई आग होते, मी म्हणो होऊ दे, मळ निघून राह्यला. पहिले आठ दिवस पोरगी अशी उजळली का शेजारणी विचारत. मंग गाल लाल झाले, उन्हात गेली का जळजळ, बारीक पुटकुळ्या, ओठावर लव. भेऊन बंद केली तं तोंड दुप्पट पेटलं. मले वाटलं पाह्य, ट्यूब सोडली म्हणूनच बिघडलं, म्हणून पुन्हा लावली. लय मोठी चूक झाली बाई थे, लय मोठी.

पाव्हणे आले. कविता तोंडाले ओढणी बांधून बसली, सोडेच ना. त्यांची म्हातारी म्हणे, पोरी, तोंड तं पाहू दे. सोडली ओढणी. चहा तसाच ठेवून सगळे उठले. कविता रडली नाही, माह्या हाताकडे पाहत राह्यली.

मंग यवतमाळले चामडीच्या डॉक्टरीण बाईकडे नेली. त्याईनं विचारलं, ट्यूब कोणी दिली? म्या म्हटलं, म्या. बाई रागावल्या असत्या तं बरं झालं असतं. म्हणे, मुरूम येगळे, वांग येगळे, गजकर्ण येगळं, एकच दवा सगळ्याले कशी चालन? मुरूम फोडू नोको, लिंबू घासू नोको, साध्या पाण्यानं हलकं धू, उन्हात जाताना तोंड झाक, अन् चामडीले सवय लागली हाये, एकदम बंद केली का पेटते, मी सांगते तशी हळूहळू ट्यूब सोड. धीर धरा, महिने लागतीन. धीर, अन् मले! सकायी उठली का पह्यले तिचे गाल पाहाले जाओ, थे पांघरूण ओढून घे.

उरलेल्या ट्यूबा म्या फेकल्या, पण ज्या इकल्या त्यांचं काय? बाजारात दिसन त्या बाईले धरून सांगो, लावू नोको, डॉक्टरले दाखव. काही आयकत. एक म्हणे, आता तुह्या पोरीचं बिघडलं तं आम्ही काळ्याच राह्याचं का? गोरं व्हायचं येड म्याच तं लावलं होतं तिले.

कविताचं तोंड साल-दीड सालानं निवलं. गालावर बारीक लाल शिरा राह्यल्या, पण दारव्ह्यातच लग्न झालं, नवरा भला हाये, त्यानं कधी इचारलं बी नाही. आता तिले पोरगी झाली, रंगानं माह्यासारखी सावयी, गाल असे मऊ. बाजार उठला का मी तडक तिकडेच जाते. कविता मले चहा देते, जेव म्हणते, काही कमी करत नाही. पण मी पोरीले घ्याले हात पुढे केले का म्हणते, आई, पह्यले हात धुऊन ये.

मी धुते. साबणानं दोनदा धुते, लुगड्याले पुसते, अन् तिले दाखवते. मंगच थे पोरगी माह्या मांडीवर देते. सुखी राहो माही लेक, तिच्या पोरीच्या तोंडाले कोणाचा हात न लागो, माहा बी नाही.