निळ्या रेघेच्या खाली

माझं माहेर बार्शीकडं, तिकडं नदी म्हंजी काय ते ठावंच न्हवतं बगा, हिरीला पाणी असलं तरी लई झालं. लगीन होऊन सीनेकाठी आले, बाजार मोडनिंबचा, घर नदीच्या अंगाला, दारातनं पाणी दिसायचं, तवा वाटलं सुटले बाई, डोक्यावरचा हंडा सुटला. मालकाचं नाव घ्यायची आमच्यात लाज, पर आता कुणाला लाजायचं, महादेव त्यांचं नाव. घरात आमी दोघं आन सासू, आन गोठ्यात म्हशी, म्हशींवर त्यांचा लई जीव, जेवताना शेवटची भाकरी घिऊन उठायचे, गोठ्यात जायचे.

काय सांगू तुमाला, एकदा सरकारी मोजणीवाली पोरगी आली, तिपाईवर यंत्र ठिवून बगायची, आन शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर तिनं निळी रेघ मारली. शाळा आमच्या घरापास्नं लई वर की! मी च्या दिला, इचारलं, बाई ही रेघ कशाची. म्हणली, काकू, मोठा पूर आला तर पाणी इथपर्यंत येईल, हिच्या खाली राहणं धोक्याचं. मालक हसले, म्हणले, माझ्या आज्यानं बी काठावरच्या चिंचंच्या वर पाणी बघितलं न्हाय. ती म्हणली, काका, आजोबांच्या वेळचा पाऊस आता राहिला नाही, वर जागा बघा, निदान घराचा विमा तरी काढा. विमा हुता, म्हशींचा, कानात बिल्ले मारलेले. घराचा कोण काढतंय वो. आन माणसाचा... तुमी च्या घ्या, गार हुतोय.

त्या साली पाऊस वरल्या अंगाला कोसळला, आमच्यात ऊन पडलेलं. दुपारचं पंचायतीचा भोंगा वराडला, धरणातनं पाणी सोडलंय, वर चला. मी सासूला धरून शाळेकडं निघाले, मालक म्हणले, तू हो म्होरं, म्हशी सोडून आलोच. शाळेच्या पायरीवरनं मला दिसत हुतं सगळं, एकेक दावं कापत हुते, पाणी कमरेला, मी वराडतेय, ऱ्हाऊ द्या वो, ऱ्हाऊ द्या. मग गोठ्याचं छप्पारच दिसंना. दोन म्हशी पवत आल्या. ते न्हाय आले. पाणी रेघेपातूर आलं आन तितंच थांबलं. वसरल्यावर घावले, खालच्या बाभळीत.

विम्याचा माणूस आला, भला हुता बिचारा. म्हणला, मावशी, बिल्ला दाखवा. एक म्हैस चिखलात घावली हुती, तिच्या कानातला बिल्ला काढून दिला, तिचे पैसे आले. वाहून गेल्या त्यांचा बिल्ला कुटनं आणू? सरकारनं बी मदत दिली, न्हाय कशाला म्हणू. पर मी त्या विमेवाल्याला इचारलं, बाबा, दावी कापणाऱ्याचं काय?

आता आमी हितं वर, पत्र्याच्या घरात. खाली परत घरं उठायलीत, रान तितं, हीर तितं, माणसं जाणार कुटं. येगळी ऱ्हाणारी धाकटी जाऊ तिच्या खालच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला बोलवाय आली, माझं पाऊल उचललं न्हाय. तिच्या लेकराच्या डोक्यावर हात ठिवला, म्हणलं, सुखी ऱ्हावा, पर भोंगा वाजला की जे हातात आसंल ते टाकून वर या गं. व्हय म्हणली.

सासूचं डोकं तवापास्नं ठिकाणावर न्हाय. दिवस मावळला की इचारती, महादू कुटं गेला गं, जेवायचा हाय न्हवं? मी म्हणते, येत्याल की, आत्या. आन तिला आदी वाढते.