पांढरी कनात

मंडळी,

आज मुहूर्त नाही, म्हणून आपण सर्व एका ठिकाणी बसू शकलो. एरवी लग्नसराईत आपली भेट होते ती लग्नघरी, आणि तेथे बोलायला सवड कोणाला असते? वाजंत्रीवाले, आचारी, फूलवाले, कासार, सगळे आज अनसूयाबाईंच्या अंगणात रिकाम्या हातांनी बसले आहेत. हे पाहून मला बोलणे जड जाते. मी मराठी चौथी उत्तीर्ण झालेला मनुष्य आहे. आयुष्यभर मांडव उभारले, भाषणे केली नाहीत. परंतु बाईंनी जाण्यापूर्वी मला एक काम सांगून ठेवले आहे. ते पुरे केल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

तरुणांना ठाऊक नसेल. यजमान वारल्यावर बाई येथे कुसगावात भावाकडे आल्या, त्या एक पत्र्याची पेटी घेऊन. यजमान नाटक कंपनीत नटांना रंगवीत. त्यांच्याकडून बाई शिकल्या. येथे त्यांनी नवऱ्या मुली नटवण्याचे काम मागितले, तेव्हा लोक काय म्हणाले? नाटकातले रंग आमच्या लेकीच्या तोंडाला नकोत. आणि विधवेचा हात तर नकोच नको.

मग बाई लग्नघरांच्या पायऱ्या झिजवत बसल्या नाहीत. त्या आपल्याकडे आल्या. प्रथम चंपाबाई कासारणींकडे गेल्या. म्हणाल्या, बांगड्या भरायला तुम्ही जाणारच आहात, तर मला बरोबर न्या. वेणीफणी, पावडर, काजळ मी करीन. कपाळ मोकळे ठेवीन. कुंकू तुम्ही लावा. तो नियम ठरला. नवरीचे कपाळ कासारणीचे. मग बँडवाल्या नारायणरावांकडे गेल्या. नवरी तयार झाल्याचा निरोप माझ्याकडून येईल, तोवर वाजवत राहा, आणि मी तुमची पोरे ताटकळत ठेवणार नाही, एवढेच बोलणे झाले. दोघांनीही शब्द पाळला.

आणि मी? माझी आणि बाईंची ओळख भांडणाने झाली.

मळवलीचे लग्न होते. मांडवाच्या बाजूंना मी नवी लाल कनात बांधली होती. त्या कापडी भिंतीचा मला मोठा अभिमान होता. बाई आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भाऊ, कापड लय देखणं हाय. पण त्याचा तांबडा उजेड पोरीच्या तोंडावर पडतुया. मला कळंना, पोर लाजलीया का तुमचं कापड लाजलंय."

लोक हसले. मी संतापलो. म्हणालो, मग बसा उन्हात. बाईंनी खरोखरच नवरीला उन्हात पाटावर बसवले आणि तेथे नटवले. सारा गाव माझ्या मांडवाकडे पाठ करून ते पाहत होता. पुढच्या लग्नाला मी एका कोपऱ्यास पांढरी कनात बांधली. आपण होऊन बांधली, हे मुद्दाम सांगतो.

तर तेथे नवऱ्या मुलाच्या मामांनी मला अडवले. शुभकार्यात हे प्रेतावरचे कापड कशाला, असे विचारले. बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांच्यासाठी तो शब्द किती बोचरा होता, हे तुम्हाला सांगायला नको. मी म्हणालो, "हे कापड उजेडासाठी आहे. शुभ-अशुभ पाहायला भटजी बसले आहेत."

हे वाक्य लक्षात ठेवा.

काही वर्षांनी मळवलीच्याच बौद्ध वस्तीत एक लग्न निघाले. नवरी पांढऱ्या साडीत होती. तेथे माझ्या कनातीला कोणी नावे ठेवली नाहीत. मी बाहेर दोरी आवळत होतो. कापडाला कान नसले तरी मला आहेत. नवरीची आई म्हणाली, "बाई, कपाळ मोकळं का ठिवलं? लावा की."

बाई म्हणाल्या, "मी लावत न्हाई. मला मालक न्हाई."

"ते मला म्हाईत हाय. हात तर हाय न्हवं?"

बाई बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्या बोटाला कुंकू होते आणि ते बोट त्या पदराला पुसत नव्हत्या.

त्या नवरीची धाकटी बहीण म्हणजे सुमन. तेव्हापासून ती बाईंकडे शिकली. ती पाहा, दाराशी बसली आहे. बाईंनी अंथरूण धरल्यापासून लग्ने तिनेच केली. नवरीचे कपाळ कासारणीचे, हा नियम तिने मोडला नाही.

आता कठीण भाग येतो. आपल्यात कुजबुज चालू आहे. सुमनला नेले तर काही घरे आपल्यालाही बोलावणार नाहीत, म्हणून पुण्याहून दुसरी बाई आणावी, असे चालले आहे. नारायणराव मला म्हणाले, "भाऊ, बाईंची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी आपण चालवून घेतलं." नारायणराव माझे जुने स्नेही आहेत. मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाही, समोर बोलतो. चालवून घेतले? कोणी कोणाला चालवून घेतले?

मंडळी, मलाही भीती वाटते. माझे मुलगे म्हणतात, गप्प राहा, धंदा आम्हाला करायचा आहे. त्यांचेही खोटे नाही. रात्री मला झोप लागत नाही. परंतु शेवटच्या आठवड्यात बाईंनी मला बोलावून विचारले, "भाऊ, खरं सांगा. ती पांढरी कनात उजेडासाठी लावत व्हता, का माझ्यासाठी?"

मी म्हणालो, "उजेडासाठी."

बाई म्हणाल्या, "मंग ते चार माणसांत सांगा."

सांगतो आहे. बाईंच्या तसबिरीमागे ही जी कनात आहे, ती तीच. आज ती शोकाला लावली आहे. उद्या सकाळी मी ती सोडीन, तिची घडी घालीन आणि घोरावाडीच्या लग्नाला नेईन. तेथे नवरीला सुमन नटवणार आहे. कनात बाईंसाठी असती, तर आज त्यांच्याबरोबर गेली असती. ती उजेडासाठी आहे, म्हणून ती राहील. बँड असो वा नसो, मांडव उभा राहील.

चंपाबाई, तेथे नवरीचे कपाळ तुमच्यासाठी मोकळे असेल. आपण मान हलवलीत, ती मी पाहिली. होकाराची की नकाराची, हे मला इतक्या लांबून कळले नाही. आता सांगू नका. घोरावाडीला कळेल.

आता कृपा करून सर्वांनी उभे राहावे. वेणीफणी झाल्यावर बाई हात मागे घेत आणि कुंकू लावणारी येईपर्यंत नवरीसमोर न बोलता बसून राहत. तेवढा वेळ आपण स्तब्ध राहू.

अनसूयाबाई, माझा नमस्कार घ्या.