चेतनाले गाडी लागते

देवमन : पुढचा बार जाड टाकू का मागचा, येवढंच सांगा मयंकशेठ. सकाळपासून तुमची लाल गाडी जॅकवर टांगून हाये. लोकं येऊन नमस्कार करून राह्यले.

मयंक : थांबा ना मिस्तरी. पुढचा स्वे बार जाड केला तं वळनावर गाडी झुकत नाही, पन नाक सरळच जाते. मागचा जाड केला तं नाक वळते, पन शेपूट फिरते. बॅलन्स पायजे, बॅलन्स!

देवमन : स्वे बार म्हंजे आपली आडवी दांडी. गाडी एका अंगाले झुकू देत नाही, थे.

मयंक : व्हय. तुमी कामरगावले शिटा नेता, त्या जीपले कोन्ता हाये?

देवमन : सुंदरबाई.

मयंक : नवीन कंपनी हाये का?

देवमन : बाई हाये, बाई. भाजीवाली. डाव्या बाजूले बसली की जीप डुलत नाही. थे पोरीकडं पावनी गेली तवा मी आठ दिवस जीपच काढली नाही.

मयंक : मजाक नोका करू. रविवारी चेतनाच्या घरचे लग्नाले हो का नाही सांगनार हायेत. मांगच्या खेपेले तिले मंगरूळपीर रोडनं फिरवाले नेलं, तं पयल्याच वळनावर तिनं...

देवमन : ओकली?

मयंक : स्टेअरिंगवर. म्या दोन दिवस दुकान सोडून व्हिडिओ पाह्यले. सारा दोष झुकन्याचा हाये.

देवमन : कारंजा ते मंगरूळपीर वळनं किती?

मयंक : तीन. चवथं, म्हशी रस्त्यात बसल्या तरच.

(चेतना स्कुटी लावून आत येते, स्कार्फ सोडत एका टायरवर बसते.)

मयंक : चेतना! तू इथं?

चेतना : तुमच्या दुकानात गेली होती, तिथल्या मानसाइनं इथं पाठवलं. एक गोष्ट तुमच्याच तोंडून आयकाची हाये. ही गाडी काहून घेतली?

मयंक : काहून म्हंजे? तूच तं म्हनली! पोरगी पाह्याच्या दिवशी माह्या आईनं इचारलं, पोरी, काही अडचन असंल तं सांग. तू म्हनली, मले गाडी लागते.

चेतना : लागते म्हंजे मळमळते!

मयंक : ...आमाले वाटलं, पायजे म्हनते.

देवमन : अरे देवा!

मयंक : घरात बैठक बसली. बाबा म्हने, पोरगी मोकळ्या मनाची हाये, तोंडावर मागते. काका म्हने, मागतेच तं साधी कायले, झकास घ्या.

चेतना : म्हंजे मले गाडीत उलटी होते म्हनून तुमी गाडी आनली?

मयंक : अन् उलटी होऊ नये म्हनून बार टाकून राह्यलो.

देवमन : पुढचा का मागचा, थे अजून ठरलं नाही.

चेतना : आमच्या घरी सारं ठरलं होतं. बाबा म्हनत, पोरगा दिखाऊ हाये, नाही सांगून टाकू. मीच म्हनलं, इचारून येते.

मयंक : दिखाऊ? अवं, ह्या बुटक्या गाडीतून उतराले मले दोन मानसं लागते! कंबर धरते माही. उद्या इकून टाकतो. बैलगाडी आन म्हनली तं आनतो. पन तू नाही नोको म्हनू चेतना. मले तू लय आवडली.

(चेतना उठून गाडीच्या खिडकीतून आत डोकावते.)

देवमन : पोरी, स्कुटीवर मळमळते का?

चेतना : नाही काका. स्कुटी तं मीच चालवते.

देवमन : मंग झालं! चालवनाऱ्याले कधी लागत नाही. तीस वर्षं जीप हाकली, मांगचे सारे ओकले, म्या कधी नाही.

मयंक : म्हंजे बार मागचा टाकू?

देवमन : अबे, बार राहू दे! जागा बदल. तू डाव्या बाजूले बस.

चेतना : मले कार कुठं येते काका?

मयंक : मी शिकवतो. क्लच जड हाये, पन शिकशीन.

चेतना : किती दिवस लागतीन?

मयंक : मले सहा महिने लागले. तुले चार.

चेतना : मंग बाबाले सांगते, लग्नाची तारीख दिवाळीनंतरचीच काढा.