फोनात खोट न्हाय

— त्यो टवका बघून भाव पाडू नका, राव. टवका कोपऱ्याला हाय, काचंला चरासुदीक न्हाय. हात फिरवून बघा — फिरवा की, बोट कापत न्हाय. पडलाबिडला न्हाय त्यो, फेकलेला हाय. म्या फेकलाय. कुणाला म्हंजे? सख्ख्या भावाला! महिपती, धाकला माझा — त्यो बांधापलीकडं निळा पत्रा दिसतोय न्हवं, ते त्याचं घर. बांध टोकरत व्हता गडी, टिकाव घिऊन, भर दुपारी, माझ्या डोळ्यादेखत, आन् वर तोंड करून हसतोय. हातात दुसरं काय न्हवतं म्हणून ह्योच फोन हाणला — बरोबर भुवईवर लागला, रगताची धार हितनं पार हितपतूर — आन् फोन पडला सरीतल्या चिखलात. उचलला, बंडीला पुसला, तर चालूच! गाणं वाजत व्हतं त्येच्यात. डोकं फुटलं, फोन न्हाय फुटला. आता सांगा, हाय का अशी बॉडी कुठल्या महागाच्या फोनाला? पाठ पिलास्टिकची हाय म्हणून नाक मुरडू नका, काचंची पाठ असती तर त्याच दिशी दोन तुकडं झालं असतं. — हाड! हाड तुझ्या आयला! महिपतीचंच कुत्रं हाय. तिकडं भाकरी टाकाय कोण न्हाय आता, म्हणून हितं येऊन बसतंय, लाथ घातल्याबिगर हलत न्हाय. तुमी बसा, चावत न्हाय ते.

बावड्यासनं आलाय म्हंजे लांबनं आलाय, तवा खोटं सांगणार न्हाय मी. ह्या किमतीत सगळंच सोनं कुठनं यायचं? उन्हात पडदा काळा पडतो, सावलीला हात धरल्याबिगर नाव दिसत न्हाय. तापतोय बी. पर 'तुमच्याइतका न्हाय तापत', असं आमची मालती मला म्हणती — बायकू माझी, ही काय, च्या घिऊन आलीच. ठिव तितं. आन् जा, म्हशीकडं बघ, हितं उभी ऱ्हाऊ नगंस. — घ्या, च्या घ्या. तर काय सांगत व्हतो? बोटाचा ठसा घेत न्हाय ह्यो. पाचट वढून, खुरपं धरून आपल्या बोटाला रेषा राहिल्यात का? त्येला आपण माणूसच वाटत न्हाय! आकडं टाकून उघडायचा. आन् कॅमेरा — कॅमेऱ्यानं तर घातच केला माझा. महिपतीनं माझ्या उभ्या उसाला कोयता लावला, बांधाकडंच्या दोन वळी आडव्या केल्या. दिवस मावळायची येळ व्हती, म्या लपून व्हिडिओ काढला. देवळात पंचांपुढं लावला, तर तोंडाच्या जागी नुसता डाग! कोयता दिसतोय, ऊस पडताना दिसतोय, तोंड न्हाय. पंच हसाय लागलं. त्यो बी हसला. मग काय, तितंच पायरीवर धरली त्येची गचांडी, दोन ठिवून दिल्या. त्येनं माझा दात पाडला, ह्यो बघा खळगा. तवा कॅमेरा दिवसाउजेडी चांगला, सांजच्याला बेकार. आधीच सांगतोय, मागनं मला शिव्या नगंत.

पर बॅटरी? बैल हाय बैल. रातभर लाइट नसू दे, सकाळी अर्धी शिल्लक. रेंज बी तशीच — आमच्या वस्तीवर सगळ्यांचं फोन मुकं व्हत्यात, ह्यो बोलतो. — का इकतोय? इकायचा हाय म्हणून इकतोय! तुमाला फोन घ्यायचाय का माझी कुंडली? ... बरं, रागावू नका, माझा आवाजच असा हाय. मालती म्हणती कॅनॉलला फेकून द्या. चालता फोन! चालता फोन कुणी पाण्यात फेकतं का, तुमीच सांगा. म्या म्हणलं, चार पैशे येत्याल, लांबच्या माणसाला दिऊ. फकस्त आजच्या आज न्यायचा, एवढंच माझं म्हणणं. पोलीस यायच्या आधी — न्हाय न्हाय, चोरीचा न्हाय! बोंबलू नका. डबा हाय, बिल हाय, माझ्या नावावर हाय.

महिपतीचं न्हाय का ऐकलं तुमी? बारामतीला दवाखान्यात हाय. उजवा हात गेला, मनगटापासनं. आमची इहीर सामायिक, मोटर एकच, पाळीनं पाणी. मोटरीला सिमकार्डाचा स्टार्टर बसवलाय — घरी बसून मोटरीच्या नंबराला फोन लावायचा, मोटर सुरू. तुमच्याकडं बी असंलच. तर त्यो गडी मोटर आन् पंप जोडत्यात तितलं रबर बदलाय उतरला, हात आत, आन् मोटर सुरू झाली. हात कसला, नुसता चेंदा. वरडल्याला आवाज हितपतूर आला. आता फ्यूज काढून बसावं का न्हाय माणसानं? पर कोण काढतंय? तुमी काढता? न्हाय न्हवं! आपली रीत काय? दुसऱ्या वाटेकऱ्याला फोन करायचा, 'मी मोटरीवर हाय', बास. मग घराला आग लागू दे, दुसऱ्यानं मोटरीचा नंबर लावायचा न्हाय. भांडान असू दे, कोर्ट असू दे, ही रीत कुणी मोडत न्हाय. तसा त्येनं मला फोन केला, म्या उचलला. आता त्येची बायकू स्वरूपा पोलिसांत सांगती, भावजींनी ऐकलं आन् मुद्दाम नंबर लावला. मुद्दाम! जीभ झडंल तिची. म्या सरळ जबाब दिलाय — हलका फोन हाय सायेब, उचलला पर आवाजच आला न्हाय, नुसती खरखर. आन् खिशात घालताना टच येडा झाला, आपोआप मोटरीचा नंबर लागला. हलक्या फोनात व्हतं असं. हवालदार मान डोलवत व्हता. सोमवारी येतो म्हणला, फोन तपासाय नेतो म्हणला. म्हणून काय इकत न्हाय मी! मला तसाबी नवा घ्यायचा व्हता.

आरं, उठला का? बसा की. — खराब? कोण म्हणलं खराब? आत्ता मीच म्हणलो? ते पोलिसाला म्हणलो! तुमाला म्हणलो का? अहो, ह्या फोनाला नावं ठेवायची न्हाईत, सांगून ठेवतो. बावड्यासनं हितं येऊन माझ्या दारात माझ्या वस्तूला खराब म्हणता? आणा हिकडं. ह्या तांब्यात बोट बुडवा — बुडवा म्हणतो! आता फिरवा काचंवर. लागला एक तरी नंबर आपोआप? लागला? खिशात घाला, उड्या मारा, लोळा अंगणात. न्हाय लागणार! खिशात घालायच्या आधीच कुलूप पडतं त्येला. आकडं टाका, मोटर म्हणून नाव हुडका, हिरवं दाबा — एवढं ध्यान दिऊन केलं तवाच लागतो, बिगर मनाचा न्हाय लागत. आन् आवाज! खरखर म्हणं! इहिरीच्या तळातनं बोलल्याला माणूस कानाशी बसून बोलल्यावानी ऐकू येतो. त्या दिशी मागं ट्रॅक्टर चालू व्हता, तरी शब्द न् शब्द आला. पाना दगडावर ठिवल्याला सुदीक आला. धाप लागली व्हती त्येला, ती बी आली — 'दादा, मी मोटरीवर हाय, हात आत घालतोय, फोन लावू नगंस' —

...

काय बघताय? च्या प्या.

काय बघताय म्हणतो! मगाशी लय इचारत व्हता, बॅटरी कशी, आवाज कसा, आता गाडीकडं बघताय व्हय? ... दादा म्हणला मला. दादा! आई गेली तवापासनं कवा म्हणला न्हाय. रावज्या म्हणायचा, भाड्या म्हणायचा, पोरांच्या देखत आईबहिणीवरनं शिव्या घालायचा, आन् त्या दिशी दादा. आन् कसं म्हणला? सहज! जसं काय झालंच न्हाय. म्या त्येचं डोकं फोडलं, त्येनं माझा दात पाडला, तरी हरामखोराला खात्री — मोटरीवर असल्यावर दादा काय करायचा न्हाय. खुशाल हात घातला आत! अहो, एवढा इस्वास व्हता तर बांध का टोकरला माझा? ऊस का तोडला? शिव्या घालायच्या आन् इस्वास बी ठेवायचा? त्येचाच राग आला मला, त्या इस्वासाचा. डोक्यात जाळ झाला नुसता. बोटं गेलीच आकड्यांवर. आकडं टाकताना वाटलं, आजून येळ हाय, थांब रावजी. नाव हुडकताना बी वाटलं. खरं सांगतो, वाटलं.

न्हाय. काय न्हाय वाटलं. तुमी काय ऐकलंच न्हाय, कळलं का? बावड्यात घर हुडकाय मला येळ लागत न्हाय, आन् मी काय माणूस हाय हे आता तुमाला म्हाईत झालंय. — बरं, असं करा, पैशे नगंत मला. फुकट न्या. घ्या की, पिशवीत टाका आन् गाडीला किक मारा. घ्या! हात का मागं घेतला? ... माझ्या हाताला काय लागलंय व्हय?

चला, निघा. उठा म्हणतो ना!

निघा हितनं.