राज्य कोणावर?

स्वारगेटला बसच्या रांगेत मंदाकिनीबाईंच्या पुढे दोन मुली बोलत होत्या. बाईंना ऐकायचं नव्हतं, पण ऐकू येत होतं.

"ऋचा, मी टीम लीड झाले!"

"भारीच! मग तोंड का पाडलंयस?"

"काम आलं की सगळे गायब! कुणी मीटिंगमध्ये, कुणाचं नेट गेलेलं. दिवसभर मी आपली शोधतेय."

"म्हणजे राज्य आलंय तुझ्यावर!"

"हो ना! आज कसेबसे सगळे सापडले, तर मॅडमनी मागून येऊन पाठीवर थाप मारली. म्हणाल्या, शाब्बास, पुढचं प्रोजेक्टही तूच घे."

"धप्पा!"

हसता हसता दोघींना समोर आलेली बसही दिसेना. मंदाकिनीबाईंनी दोघींच्या पाठीवर एकेक थाप दिली.

"धप्पा! आता चढताय, की शंभरपर्यंत आकडे मोजताय?"