आधी बघू, मग देऊ

नारीन शहरातल्या व्यायामशाळेत मुलींच्या कुस्त्या सुरू व्हायच्या होत्या. फोटोवाल्याच्या टेबलाशी, रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या.

“आत्ता भरलेत तर दोनशे सोम, आजी. कुस्तीनंतर साडेतीनशे.”

“न बघताच पैसे? अरे, नवं बाळ, नवी सून आपण आधी बघतो, मग बघितल्याचे पैसे, कोरुमदुक, हातावर ठेवतो.”

“सून नाही हो, फोटो आहे हा!”

“माझ्या नातीचा आहे ना? मग आधी बघणार.”

“महाग पडेल.”

“पडू दे.”

कुस्त्या संपल्या. पुन्हा तीच रांग, पुढे त्याच आजी.

“दाखव माझी बुरुल.”

“रागावू नका हं. हरली ती. फोटोत पाठ टेकलेलीच आहे.”

“पाठ कशाला बघतोस? तोंड बघ! पुढचे दोन दात नाहीत, अंगावर एवढी धिप्पाड पोरगी, आणि हसतेय कशी सटवी!”

“साडेतीनशे, आजी. मी सांगत होतो.”

“हे घे पाचशे.”

“सुटे नाहीत.”

“कोरुमदुकातले सुटे कुणी परत देतं का, येड्या? आगाऊ घेतले असतेस तर तीनशेला बुडाला असतास.”

आजी फोटो छातीशी धरून गेल्या.

“पुढचे या! तुम्हाला उद्याच्या कुस्तीचा हवाय? दोनशे... नको, नको, पैसे राहू द्या. आधी बघा.”