बेटावरची खुर्ची

साहेब : ...आणि तपासणीच्या टेबलाला झालर मीच लावून घेतली. गुलाबी. बायकांना बरं वाटतं.

सिस्टर : वाटलं की! काल त्याच झालरीत पाय अडकून डॉक्टरीणबाई आपटल्या. हात गळ्यात बांधून घरी बसल्यात. म्हणून आज बोटीवर मी निघालेय. साहेब, डिझेलच्या चिठ्ठीवर तेवढी सही करा.

साहेब : महिला आरोग्य खात्याचा प्रमुख होऊन मला तीन आठवडे झाले, सिस्टर. डोळे मिटून सही करत नाही मी. बोट किती वाजता?

सिस्टर : आत्ता. बेटावर एक पोर आठव्या महिन्यात आहे. पाय सुजलेत, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, रक्तदाब एकशेसत्तर. सासूचा फोन आला, रडत होती बिचारी. इथल्या दवाखान्यात आणली नाही तर झटके येतील. आई जाईल, नाहीतर बाळ, नाहीतर दोघंही.

साहेब : वाईट आहे. पण मंजूर वेळापत्रकात बेटाची बोट तीनला आहे.

बोटवाला : ते वेळापत्रक माझ्या बापाच्या वेळचं, साहेब. तेव्हा मोठा प्रवाह बेटाच्या पलीकडून जायचा. आता पाणी तापलं, प्रवाह सरकला, अलीकडून जातो. बारानंतर वारा सुटला की त्या पाण्यात शिरणं म्हणजे फिरत्या जात्यात हात घालणं.

साहेब : असा कसा सरकला? कुणी परवानगी दिली?

बोटवाला : अर्ज नाही केला त्यानं. मासेसुद्धा न सांगताच गेले.

साहेब : थांबा. सागर खात्यावर माझा सख्खा मेहुणा आहे. आत्ता दूध का दूध करतो. (फोन कानाला लावून) अरे गुंड्या, तो प्रवाह सरकलाय का रे?... हं... काय सांगतोस!... वा, वा. ठेव. ऐकलंत? गुंड्याची नेमणूक झाल्यापासून प्रवाह एक इंच हललेला नाही. कागदावर सरळ रेघ!

सिस्टर : मोजतात कसं?

साहेब : मोजणं बंद केलंय. ती पाण्यातली यंत्रं रोज काहीतरी भलतंच दाखवायची, लोक घाबरायचे. त्यानं सगळी उपसून गोदामात टाकली. आधी पोहण्याचा तलाव चालवायचा ना, पाण्याची जाण आहे त्याला.

बोटवाला : तळाच्या फरश्या दिसतात तेवढ्या पाण्याची.

सिस्टर : आणि बायकांच्या आरोग्याची तुम्हाला?

साहेब : अहो, घरात आई, बायको, चार मुली, वर एक आत्या! सात बायकांच्या कुरकुरी ऐकतो मी. शिवाय वीस वर्षं मंडपाचा धंदा. हजार लग्नं उभी केली. लग्न झालं की पुढचं ओघानं येतंच की!

सिस्टर : येतं ना. तेच आणायला चाललोय.

साहेब : वेळेआधी पेशंट आणायचा तर समिती बसवावी लागते. समिती सोमवारी.

सिस्टर : तोवर ती पोर जगली पाहिजे ना!

साहेब : मला नियमाबाहेर जाता येत नाही. नवीन आहे मी.

बोटवाला : सिस्टर, पावणेअकरा झाले.

सिस्टर : बरं, राहिलं. साहेब, उद्या तुमचा सत्कार. खुर्च्या आल्या?

साहेब : पाचशे! आपल्याच गोदामातल्या.

सिस्टर : आणि तुम्ही त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत बसणार? इतक्या मोठ्या हुद्द्याचा माणूस? बेटावरच्या शाळेत एक जुनी खुर्ची धूळ खात पडलीय. शिसवी, उंच पाठीची.

बोटवाला : अं? हां, आहे तर! सिंहाचे पंजे आहेत तिला.

साहेब : पंजे? मग थांबलात कशाला? सामानाला समिती लागत नाही. आणा ती चिठ्ठी इकडे. ही घ्या सही. पण जपून हं, धक्का लागता कामा नये.

सिस्टर : नाही लागणार. खाली गादी घालू. डाव्या कुशीवर आणू.

साहेब : खुर्चीला कूस?

सिस्टर : जड मालाची पद्धत असते, साहेब.

साहेब : असते, असते. मंडपात आम्हीही असंच करतो.

बोटवाला : (बोटीपाशी येऊन) जपून पाय टाका सिस्टर, फळी ओली आहे. पिशवी द्या इकडे... उद्या खुर्ची मागतील हो ते.

सिस्टर : मागू देत. माझी नोकरी जाईल, त्यांची थोडीच जाणार आहे? वारा सुटायला किती वेळ आहे?

बोटवाला : तासभर.

सिस्टर : आणि जाऊन यायला?

बोटवाला : तासाहून थोडा जास्त.

सिस्टर : सोडा बोट.